वहिनीने बदललेले ब्रेक

तिला घरात आणि गल्लीत सगळे वहिनीच म्हणत. दीर म्हणायचा, शेजारी म्हणायचे, पडदे शिवायला टाकणारी गिऱ्हाइकं म्हणायची. एकदा दाढ दुखली म्हणून गेली, तर डॉक्टरही म्हणाला, "वहिनी, आ करा." नाव कधी मागे पडलं ते तिलाही कळलं नाही, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. वहिनी म्हणजे घरातली ती बाई, जिला सगळं येतं. नळ गळाला की वहिनी. कपाटाचं दार लागेना की वहिनी. इस्त्री पेटेना, कुलूप उघडेना, सासूबाईंच्या चष्म्याची दांडी निखळली, की आधी हाक वहिनीला, मग देवाला.

खालच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. पडदे, सोफ्याची कव्हरं, खिडकीतल्या गाद्या. माप घ्यायला आणि तयार माल पोचवायला तिने स्वतःची एक जुनी छोटी गाडी घेतली होती. मागची सीट पाडली की सहा खोल्यांचे पडदे मावायचे. गाडी तिची, चालवायची ती, पुसायचीही ती. नवऱ्याचा गाडीशी संबंध शेजारी बसून झोपण्यापुरता.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि वरच्या मजल्यावर धाकटी आली.

धाकटी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला होती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या साड्यांच्या बॅगेपेक्षा हत्यारांची पेटी जड होती. ती पेटी वर चढवताना दिराच्या पाठीत उसण भरली आणि सगळे हसले. वहिनीही हसली. आठवड्याभरात पाण्याचा पंप बंद पडला. वहिनी पदर खोचून टाकीपाशी पोचली, तर धाकटी तिथे आधीच बसलेली, पंप उघडलेला, आणि तोंडाने शीळ. "झालंच वहिनी, तुम्ही कशाला आलात," असं म्हणत तिने बटण दाबलं आणि पंप असा सुरू झाला की जणू तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसला होता.

त्या दिवसापासून हाका वर जायला लागल्या.

वहिनीला पहिल्यांदा बरं वाटलं, असं ती नवऱ्याला म्हणाली. चला, एक व्याप कमी झाला. पण मग एका संध्याकाळी सासूबाई शेजारणीला सांगताना तिने ऐकलं, "आमच्या धाकटीच्या हातात जादू आहे हो." हेच वाक्य त्या इतकी वर्षं वहिनीबद्दल म्हणत. अगदी हेच, 'हो'सकट. वहिनी त्या वेळी मशीनवर होती. तिने मशीनचं पायडल इतक्या जोरात दाबलं की पडद्याची शिवण किनारीवरून घसरून थेट मधल्या नक्षीवर गेली. ती सगळी उसवताना तिच्या मनात धाकटीची शीळ वाजत होती.

त्यानंतर धाकटीचं काहीच तिला धड दिसेना. धाकटी मिक्सर दुरुस्त करायची, तर वहिनी म्हणायची, "आवाज वेगळाच येतोय पण." धाकटीने जिन्यातला दिवा लावला, तर उजेड डोळ्यावर येतो. धाकटी कामावरून थकून आली, तर मिरवते. न थकता आली, तर काम तरी करते का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे धाकटी स्वभावाने चांगली होती. तिच्यात खोट काढायला बसलं की वहिनीलाच स्वतःची लाज वाटायची, आणि त्याचाही राग धाकटीवरच निघायचा.

अशातच गाडीचे पुढचे ब्रेक वाजायला लागले. आधी नुसतं बारीक किंचाळणं होतं. मग एक दिवस फाटकाशी गाडी थांबवताना खालून खरखर आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. वहिनी उतरतेय तोवर वरच्या खिडकीतून धाकटीचं डोकं बाहेर आलं.

"वहिनी, ब्रेकचे पॅड संपले बघा. डिस्कलाही चरे पडले असणार, त्याही बदलाव्या लागतील. सुट्टीच्या दिवशी मी देते बदलून, काही काळजी करू नका!"

बोलणं सरळ होतं. पण ते साऱ्या गल्लीला ऐकू गेलं होतं, आणि सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा कौतुकाने कसा फुलला, ते वहिनीने पाहिलं.

"नको," वहिनी म्हणाली. "माझी गाडी आहे. मी बघते."

"अहो पण..."

"बघते म्हटलं ना."

आणि तिने खरंच पाहिलं. दोन संध्याकाळी ती फोनवर माणसं ब्रेक कसे बदलतात त्याचे व्हिडिओ बघत बसली. नवरा म्हणाला, गॅरेजमध्ये टाक की. ती म्हणाली, पडदे शिवताना मी कधी शिंप्याकडे टाकले का? यावर तो कूस बदलून झोपला. पुढच्या दोन चाकांचे पॅड आणि दोन नव्या डिस्क तिने सुट्या भागांच्या दुकानातून आणल्या. आणि मुहूर्त असा निवडला की धाकटी कामावर असेल.

सकाळी कामावर जाणारे सगळे गेल्यावर तिने अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, हे तिने पाठ केलं होतं. पान्हा हलेना. मग तिने पडद्याच्या दांडीचा जाड लोखंडी पाइप आणला, पान्ह्याच्या मुठीवर चढवला आणि त्या लांब दांड्यावर सगळा भार टाकला. नट करकरला आणि सुटला. तिला इतका आनंद झाला की तिने वरच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. आपण कुणाला दाखवायला वर पाहिलं, हे लक्षात येऊन ती स्वतःवरच चिडली.

दोन्ही बाजूंचे नट सैल करून घेतल्यावर तिने उजवीकडे जॅक लावला, गाडीखाली आधाराला लोखंडी घोडी सरकवली, चाक काढून बाजूला ठेवलं. आत डिस्क दिसली. ताटाएवढी, आणि तिच्यावर गोल गोल खोल रेघा. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा तो लोखंडी पंजा, दोन बोल्ट काढल्यावर निघाला. तो त्याच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो. वहिनीने तो पडद्याच्या दोरीने वरच्या स्प्रिंगला बांधला, तोही अशा गाठीने की बघणाऱ्याला वाटावं, आता झालर लावणार. जुने पॅड हातात घेतले तर एकाचा नुसता पत्रा उरला होता. इतके दिवस आपण यावर सासूबाईंना दवाखान्यात नेत होतो, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

डिस्क मात्र निघेना. गंजाने ती आतल्या भागाला घट्ट चिकटून बसली होती. वहिनीने हातोडी घेतली. पहिले फटके भीत भीत मारले. मग तिला "हातात जादू आहे हो" आठवलं आणि पुढचे फटके बरे बसले. सासूबाई आवाजाने बाहेर आल्या.

"अगं, काय चाललंय हे? धाकटीला फोन लाव ना."

वहिनीने पुन्हा हातोडी उचलली. असा एक फटका हाणला की डिस्क निसटून तिच्या पायाशी फरशीवर आदळली. "निघाली," ती म्हणाली. सासूबाई "जपून गं बाई" म्हणत आत गेल्या. कौतुकाचा एक शब्द नाही!

गंज तारेच्या ब्रशने साफ केला, नवी डिस्क पुसून बसवली. पॅड दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलायला कापायच्या टेबलाचा शिकंजा कामी आला. नवे पॅड, कॅलिपर, बोल्ट, चाक. गाडी खाली घेतली आणि पुन्हा पाइप लावून नट कचकचून आवळले. उजवी बाजू झाली. डावी त्याहून निम्म्या वेळात झाली, कारण आता हाताला सवय झाली होती. डाव्या चाकाचे नट तिने हाताने फिरवून बसवले, गाडी खाली घेतली, आणि पाइप आणायला वळणार इतक्यात फाटकातून हाक आली, "वहिनी, आहात का?" दिवाणखान्याच्या पडद्यांचं गिऱ्हाईक होतं. ती बाई आत बसली, चहा प्यायली, निळा की राखाडी यावर खूप वेळ घोळ घालून शेवटी पांढरा ठरवून गेली. वहिनी बाहेर आली तेव्हा दोन्ही चाकं जागेवर होती, गाडी चार पायांवर उभी होती. तिने चाकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या दाबून बसवल्या, हत्यारं गोळा केली. गाडीत बसून पायाखाली टणकपणा येईपर्यंत ब्रेक दाबत राहिली. अंगणातच गाडी पुढे-मागे केली. गाडी जागच्या जागी थांबत होती, आणि खरखर नव्हती.

त्या क्षणी तिला कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती की या घरात तिच्यासारखी दुसरी नाही.

दुपारी धाकटी लवकर घरी आली. आणि सासूबाईंची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ होती. दरवेळी त्यांना वहिनी नेत असे. वहिनी हात धुऊन किल्ली घेते तोच सासूबाई म्हणाल्या, "तू दमलीस. धाकटी नेईल मला."

ते प्रेमाने म्हटलं होतं की नाही, कोण जाणे. वहिनीला ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या मनात आलं, नेऊ दे. चालवू दे गाडी. ब्रेक दाबल्यावर कळेलच तिला.

"ने की," किल्ली पुढे करत ती म्हणाली. "पॅड, डिस्क, सगळं बदललंय. मी."

धाकटीचे डोळे मोठे झाले. "एकटीने? कमाल आहे वहिनी!" मग कामाच्या सवयीने ती म्हणाली, "गाडी खाली घेतल्यावर नट परत आवळलेत ना? दोन्हीकडचे?"

एवढं कौतुक ऐकून थांबली असती तर काय बिघडलं असतं! पण नाही, लगेच परीक्षा. वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हो मग! मी काय आज जन्मले?"

गाडी फाटकाबाहेर गेली. वहिनी अंगण झाडायला लागली. उजव्या बाजूला, जिथे पहिलं चाक काढलं होतं तिथे, भिंतीला तो पाइप टेकलेला होता. तो उचलून आत नेता नेता ती थबकली. पाइप इकडे कसा? डावीकडे वापरला असता तर डावीकडे असता. आणि मग तिला सगळं आठवलं. गाडी खाली घेतली. वळले. हाक आली. निळा की राखाडी.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. धाकटी गाडी चालवताना फोन घेत नसे, आणि हाही तिचा एक गुणच होता. वहिनीने फोन मशीनवर टाकला, गाडीचा पान्हा उचलला आणि घरातल्या चपलांवरच रस्त्यावर धावली. समोरच्या दुकानात पाव टाकून पाववाल्याचा टेम्पो निघत होता. ती दार उघडून सरळ आत बसली.

"डोळ्यांच्या दवाखान्याच्या रस्त्याने. लवकर!"

पाववाल्याने तिच्या हातातल्या पान्ह्याकडे पाहिलं. "कुणाच्या मागे निघालात वहिनी?"

"जावेच्या."

तो जरा सरकून बसला. "मोठं भांडण झालंय का?"

"अहो, चाक सुटायला आलंय तिचं! सासूबाई आहेत आत!"

त्यानंतर त्याने टेम्पो असा हाणला की मागे रिकामे ट्रे थडाथड आपटत होते. वहिनी पुढच्या काचेला नाक लावून बसली होती. प्रत्येक वळणावर तिला गाडी आडवी पडलेली दिसायची आणि जवळ गेल्यावर ते दुसरंच काही निघायचं. देवाला ती काय काय कबूल करत होती ते तिचं तिला माहीत नव्हतं. धाकटीला मी पुन्हा कधी काही बोलणार नाही, एवढं मात्र त्यात नक्की होतं.

पुलाच्या अलीकडे गाडी कडेला उभी दिसली. चारही दिवे उघडझाप करत होते. धाकटी डाव्या चाकाशी गुडघ्यांवर बसून हातानेच नट फिरवत होती. सासूबाई मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

वहिनी पान्हा घेऊन टेम्पोतून उतरली. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, आणि मग मागे वळून मोठ्याने म्हणाली, "बघा आई, आल्या. मी म्हटलं नव्हतं, वहिनींना फोन केलाय? चाकातून आवाज आला म्हणून मीच म्हटलं, पान्हा घेऊन या."

फोन तर घरी मशीनवर पडला होता. वहिनीला सगळं समजलं: धाकटी तिची चूक झाकत होती.

"किती प्रसंगावधान हो या मुलीला!" सासूबाई खिडकीतून पाववाल्याला सांगत होत्या. "जरा आवाज आला, तर लगेच बाजूला घेतली गाडी."

धाकटीने पान्हा घेतला, त्यावर पाय देऊन एकेक नट आवळला. वहिनी शेजारी उभी होती. लाजेने मेल्याहून मेली होती. जीव वाचला म्हणून मनातल्या मनात देवाला हात जोडत होती. आणि या सगळ्याच्या तळाशी, तिला स्वतःलाही खरं वाटलं नसतं असं, ते जुनं जळणं चालूच होतं. कारण आता धाकटी चांगुलपणातही तिच्या पुढे गेली होती. नट आवळण्यात हरले, तर निदान तेवढं तरी माझ्याकडे ठेवायचं!

डॉक्टरांनी सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना आत बसवून ठेवलं. दोघी जावा गाडीपाशी उभ्या राहिल्या. वहिनी म्हणाली, "चुकलं माझं."

"चुकलं?" धाकटीचा आवाज एकदम चढला. वहिनीने तो आवाज आजवर ऐकलाच नव्हता. "मी विचारलं होतं तुम्हाला! तोंडावर विचारलं होतं! विसरलात, ठीक आहे, माणूस विसरतो. पण 'बघून सांगते' म्हणायला काय झालं होतं? आई होत्या गाडीत. मी होते!"

"हो."

"आणि तुमच्यासाठी खोटं बोलले असं समजू नका. माझ्यासाठी बोलले. खरं सांगितलं असतं तर महिनाभर घरात तेच. धाकटी किती हुशार, धाकटी किती गुणाची, आणि लगेच, धाकटे, जरा गीझर बघ. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरते मी, वहिनी. घरी आले की कुकरची बिघडलेली शिट्टी. तुमचं बरं आहे, तुम्हाला कुणी उठवत नाही."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. राग आला की धाकटीचं नाक लाल होतं आणि ती जरा कुरूप दिसते, हे तिला प्रथमच कळलं. त्याने तिला इतकं हलकं वाटलं की ती जवळजवळ हसली.

"मला उठवायचे आधी," ती म्हणाली. "तू येईपर्यंत."

धाकटीने नाक पुसलं आणि ती म्हणाली, "मग घ्या ना परत. मी कधी मागितलं होतं?"

परतताना वहिनीने गाडी चालवली. सासूबाई काळा चष्मा लावून मागे बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर वहिनी आरशात न बघता म्हणाली, "आई, ते नट मीच आवळायला विसरले होते. आणि हिने विचारलं तर हो म्हणून सांगितलं."

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "तू कधी काही विसरत नाहीस."

हे वाक्य ऐकायला ती दोन वर्षं तरसली होती. आता ते आलं आणि तिला कुठे तोंड लपवू असं झालं. मग सासूबाईंच्या काळ्या चष्म्याचा रोख धाकटीकडे वळला.

"म्हणजे मघाशी तू माझ्याशी खोटं बोललीस?"

त्या आठवड्यात सासूबाई धाकटीशी तुटक वागल्या. वहिनीला त्या एवढंच म्हणाल्या, की खरं बोललीस ते बरं केलंस. धाकटीबद्दल मात्र शेजारणीला सांगितलं, की शिकलेली असली तरी तोंडावर खोटं बोलते हो. वरच्या मजल्यावर एकही हाक गेली नाही. नळ गळाला, वहिनीने वायसर बदललं. देव्हाऱ्यातला दिवा लागेना, वहिनीने वायर जोडली. यातलं काहीच न्यायाचं नव्हतं हे तिला कळत होतं; तरी पहिले दोन दिवस ती मनातून सुखावली, हे खोटं नाही. तिसऱ्या दिवशी, धाकटीच्या सुट्टीच्या दुपारी, तिला घास गिळेना. चहाचे दोन कप घेऊन ती जिना चढली.

धाकटी दिवसाउजेडी पाय पसरून पलंगावर लोळत होती, उशाला मासिक.

"आईंची समजूत काढते मी," वहिनी म्हणाली. "तुझ्यावर उगाच..."

"काढू नका!" धाकटी ताडकन उठून बसली. "वहिनी, पाया पडते. निदान या महिनाअखेरपर्यंत राहू दे. लग्न झाल्यापासून दुपारची झोप पहिल्यांदा मिळतेय मला."

दोघी चहा प्यायल्या, धाकटीने कप परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून पांघरूण ओढलं. तिला लगेच झोप लागली. खालून सासूबाईंची हाक आली, पंख्यातून कसला तरी आवाज येतोय म्हणून. दोन्ही रिकामे कप हातात घेऊन वहिनी दारात उभी राहिली, त्या गाढ झोपलेल्या बाईकडे पाहत. आणि वहिनीला तिच्या झोपेचाही हेवा वाटला.